सुभेदाराची डावी बाजू

ज्यांच्या दावणीला आता बैल नाहीत, त्यांना माझी ओळख करून द्यावी लागते. मी खरारा. लाकडी मूठ आणि तिला लोखंडी दातांच्या ओळी. जनावराच्या अंगावरून फिरायचं, धूळ आणि मेलेले केस काढायचे, एवढंच माझं काम. मला डोळे नाहीत. जे कळतं ते कातडीवरून कळतं, नाहीतर कानावर पडतं. त्यामुळे मी सांगतोय त्यातलं थोडंफार चुकतही असेल. तेवढं सांभाळून घ्या.

रहिमतपुरातल्या एका लोहारानं मला घडवलं आणि पुसेगावच्या जत्रेत कडेगावच्या हंबीररावांनी मला घेतलं. घेण्याआधी त्यांनी मला स्वतःच्या दंडावरून फिरवलं. बैलाला लागेल ते आधी आपल्याला लागलं पाहिजे, हा त्यांचा नियम. पुढे पंधरा वर्षं मी त्यांच्या खिलारी जोडीच्या अंगावर राबलो. मग ट्रॅक्टर आला, जोडी गेली आणि मी गोठ्यातल्या खिळ्याला लटकलो. माझ्यामागे पालीनं दोनदा अंडी घातली. नऊ वर्षांतली घडामोड म्हणाल तर तेवढीच.

मला खाली काढलं ते एका कुत्र्याच्या फोटोसाठी.

कुत्र्याचं नाव सुभेदार. हंबीररावांच्या मुलानं, यशराजनं, फौजेत भरती होण्याआधी ते पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं. स्वतः यशराज अजून नायकच आहे. घरात वरचा हुद्दा कुत्र्याचा, असं सगळे हसून म्हणतात. सुभेदार अकरा वर्षांचा झाला होता आणि गोठ्यातच झोपायचा.

त्यामुळे रेश्माचं बोलणं मी ऐकलेलं आहे. रेश्मा म्हणजे यशराजची बायको, बी.एस्सी. झालेली, दोन वर्षांच्या साक्षीची आई. माणसाला सांगायचं ते माणसं कुत्र्याला सांगतात, हे मी याच घरात शिकलो. साक्षी शिंकली तरी रेश्मा रात्रभर जागी. तिला काळजी करायला कारण लागत नाही. या वेळी मात्र कारण होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी सुभेदाराच्या डाव्या बरगडीवरचे केस काढले, सुई घालून तपासलं आणि फार तर दोनेक महिने जगेल, असं सांगितलं. घरी येऊन ती म्हणाली, खरूज आहे.

यशराज कुठल्यातरी बर्फात होता. रजा दिवाळीला, आणि दिवाळीला पाच महिने होते. ड्यूटीवरच्या माणसाला असलं काही कळवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ठरवलं होतं असं ती म्हणायची. दर दोन दिवसांनी ती ते नव्यानं ठरवायची. मग निदान चांगला फोटो तरी असावा, म्हणून तिनं विट्याच्या जयराजची वेळ घेतली. तो लग्नांचे फोटो काढतो, अलीकडे कुत्र्यामांजरांचेही काढतो.

जयराजनं फोनवर यादी दिली. आदल्या दिवशी आंघोळ. नखं कापायची. मऊ ब्रश फिरवायचा. निघण्याआधी पोटभर खायला घालायचं नाही. रेश्मानं ती यादी दोनदा लिहून काढली, एक हरवली तर असावी म्हणून. मऊ ब्रश मागवला होता, तो कराडात अडकला.

हंबीरराव हे ऐकत होते.

"फोटू कुत्र्याचा?" ते म्हणाले. "बारसं बी घाला मग."

"मामा, यशराजना पाठवायचाय. चांगला हवा."

"चांगला हवा तर यादी कशापाय? जनावर उभं करायचं मला शिकवतीस व्हय? तीन प्रदर्शनं जिंकलीत माझ्या जोडीनं." आणि त्यांनी हात वर करून मला खिळ्यावरून काढलं. "आधी खरारा. मग तेल-हळद."

"तेल नको, आवं मामा! लाइटमध्ये चमकतं."

"चमकावंच की! न्हाईतर फोटू काढता कशाला?"

तेल राहून गेलं. मी मात्र लागलो कामाला. माझे दात झिजून बोथट झालेले, तरी हंबीररावांनी आधी मला दंडावरून फिरवलं. मग मान, पाठ, मांड्या. बैलापेक्षा कुत्र्याची कातडी सैल असते आणि हाडं लवकर लागतात. सुभेदाराची फारच लवकर लागत होती. उजवी बाजू झाली. डावीला रेश्मा म्हणाली, "तिथं राहू द्या, खरूज आहे."

"खरजंच्या कडंनं तर फिरवायलाच पायजे," असं म्हणत त्यांनी मला फिरवलं.

केस काढलेल्या जागेखाली मी अडलो. लिंबाएवढं काहीतरी, घट्ट, न हलणारं. सुभेदारानं अंग चोरलं. हंबीररावांनी मला बाजूला ठेवलं आणि बोटांनी चाचपलं.  साक्षी कुत्र्याला बिस्कीट दाखवत होती.

"ही खरूज न्हाई."

"नाही."

"कवापास्नं हाय?"

रेश्मानं सगळं सांगितलं. यशराजला सांगू नका, हेही सांगितलं, दोनदा. त्यांनी वाद घातला नाही.

"बाजारात खोडीचं जनावर न्यायचं झालं," ते सावकाश म्हणाले, "की वाईट बाजू भिंतीकडं करायची. आमी लय बैलं अशी खपवली. उजवी बाजू म्होरं ठिवू. दिसायचं न्हाई काय."

रेश्माला हायसं वाटलं असावं. तिनं माझ्या मुठीला घट्ट धरून सुभेदाराची शेपटी विंचरली, उगाचच.

दुसऱ्या दिवशी पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, साक्षीचा एक फ्रॉक जादा आणि मी, असे सगळे विट्याला गेलो. स्टुडिओत गार वाटत होतं. जयराज हळू आवाजात बोलत होता; जनावरांसमोर असंच बोलावं लागतं, हे त्याला माहीत असावं.

"उजवी बाजू घ्या," रेश्मानं आल्या आल्या सांगितलं.

सुभेदाराला उभं केलं. तो खाली बसला आणि उजव्या कुशीवर कलंडला. डावी बाजू वर. हंबीररावांनी त्याला उचलून दुसऱ्या कुशीवर ठेवलं. तो कण्हला, उठला, फिरला आणि पुन्हा उजव्याच कुशीवर. तीनदा असं झालं. डाव्या कुशीवर त्याला झोपवतच नव्हतं, आणि हे त्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. बैलाला बाजारात उभंच राहावं लागतं. हा कुत्रा होता, दमला की आडवा होणारा.

चौथ्या वेळी साक्षी जाऊन त्याच्या पोटाला टेकून बसली. जयराजनं कुणाला न विचारता फोटो काढले.

"ताई, एकदम भारी आलाय," तो म्हणाला. "ती टकली जागा आणि तो फुगवटा कम्प्युटरवर काढून टाकतो. दोन मिनिटांचं काम. कळणार पण नाही."

 रेश्मा म्हणाली, "मामा, काय करू?"

हंबीररावांच्या हातात पिशवी होती, पिशवीत मी. 

"गिऱ्हाईक आसतं तर झाकलं आसतं," ते म्हणाले. "यशराज धनी हाय त्याचा."

"राहू द्या तसाच," रेश्मा जयराजला म्हणाली.

फोटो तिथूनच पाठवला. घरी पोचेपर्यंत तिनं फोन किती वेळा पाहिला कुणास ठाऊक. दर वेळी पिशवी खाली ठेवायची आणि उचलायची. संध्याकाळी उत्तर आलं. तिनं ते सुभेदाराला वाचून दाखवलं. "गाठ कवापासनं?" तिनं खूप लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं ते एवढंच : चाळीस दिवस.

सकाळी दुसरं उत्तर आलं. "रजा टाकलीय."

यशराज आला तेव्हा सुभेदार अजून होता. घरात पाऊल टाकताना यशराज एवढंच म्हणाला, "चाळीस दिवस, रेश्मा?" तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मला वाटतं तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला स्वतःलाच पटत नव्हतं. पुढं दोघं त्यावर बोलल्याचं मी ऐकलं नाही. रोज सकाळी तो मला घेऊन गोठ्यात बसायचा आणि त्या जागेला वळसा घालून मला फिरवायचा. अकरा सकाळी असं झालं. बाराव्या सकाळी मला कुणी हात लावला नाही. मळ्यात खड्डा काढल्याचा आवाज मात्र आला.

यशराज परत गेला. फोटो माजघरात लागलाय म्हणे. मी पाहू शकत नाही.

मी पुन्हा खिळ्याला आहे. परवा रेश्मानं गोठा झाडायला काढला तेव्हा मला खाली घेतलं, दातांवरून बोट फिरवलं आणि तसंच पुन्हा अडकवलं. माझ्या दातांत सुभेदाराचे केस अडकलेत. कधीतरी कुणीतरी मला उपयोगासाठी मागायला येईल, कुणाकडे वासरू असेल, कुणाकडे नवं पिल्लू. मी ना म्हणणार नाही, राबणं हेच माझं काम. पण धुऊन देण्याआधी तेवढं रेश्माला विचारा.