लिंबाएवढं भोक

मी चाकाचं झाकण बोलतोय. एका घरगाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर मी असतो. घरगाडी म्हणजे पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं पोटात घेऊन फिरणारी गाडी. मी स्टीलचा आहे, आरशासारखा चकचकीत आहे, आणि माझ्या अंगाला लिंबाएवढं भोक आहे. ते बघून लोक हळहळतात. "अरेरे, एवढं छान झाकण आणि काय करून ठेवलंय!" म्हणतात. मला मात्र त्या भोकामुळे हल्ली शांत झोप लागते. ते कसं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट पत्रा साच्याखाली सरकला, वरून दाब बसला आणि मी वाडग्यासारखा फुगून बाहेर आलो. शेजारच्या रांगेत दुसरी झाकणं होती. त्यांना बाजूला एकेक भोक होतं. आम्ही अख्खी झाकणं त्यांना 'फुटकी भांडी' म्हणायचो. त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. मला वाटलं, बिचाऱ्यांकडे उत्तरच नसेल.

आम्हा चार अख्ख्या झाकणांना एका निवृत्त बसड्रायव्हरने विकत घेतलं. तेच माझे मालक. तीस वर्षं त्यांनी लोकांना इकडून तिकडे पोचवलं, आणि निवृत्त झाल्यावर ही जुनी घरगाडी घेतली. गाडी घेताना मालकीणबाईंनी एकच हट्ट धरला होता. "गाडी जुनी असू दे, पडदे विटके असू देत. पण चाकं चकचकीत हवीत. तीस वर्षं तुमचे चिखलाचे कपडे धुतलेत मी."

म्हणून आम्ही आलो. गाडी कुठेही थांबली की मालकीणबाई ओलं फडकं घेऊन खाली उतरायच्या आणि चारही झाकणं पुसायच्या. माझ्यात बघून केस सारखे करायच्या. मालक वरून म्हणायचे, "अगं, चाकं पुसतेस की नवरा मुलगा सजवतेस?"

"नवरा मुलगा सजवून झाला की. काही उपयोग झाला नाही," असं त्या म्हणायच्या.

खूप सुख होतं. पण त्या सुखाच्या मागे काय चाललंय, ते फक्त मला माहीत होतं.

या गाडीला मागे प्रत्येक बाजूला दोन चाकं आहेत, एकाला एक चिकटून. बाहेरचं दिसतं, आतलं त्याच्या पाठीमागे दडलेलं असतं. दोघांच्याही हवा भरायच्या नळ्या माझ्या आड येतात. आतल्या चाकाची नळी तर फारच खोल. म्हणून आम्हाला बसवणाऱ्या दुकानदाराने तिला एक लांब रबरी नळी जोडली आणि तिचं टोक चिमट्याने माझ्या आतल्या अंगाला अडकवून दिलं. झालं काम! हवा बघायची तर आठ नट सोडवून मला काढायचं, आणि पुन्हा बसवायचं.

मालकांनी ते एकदा केलं. पाना निसटला, माझ्यावर ओरखडा उमटला आणि मालकीणबाई दोन दिवस घुश्शात होत्या. मालकांची कंबरही धरली. तेव्हापासून मालक लाकडी हातोडा घेऊन बाहेरच्या चाकावर ठोकायचे, कान देऊन ऐकायचे आणि मान डोलवायचे. "टणटणीत! तीस वर्षं चाकांचं बोलणं ऐकलंय मी." बाहेरचं चाक खरंच टणटणीत होतं. आतल्याला कोणी विचारलंच नाही.

इकडे गाडी हलली की ती रबरी नळी माझ्या पाठीवर टकटक आपटायची. आपटून आपटून तिचा जोड सैल झाला आणि हवा जाऊ लागली. आवाज इतका बारीक की माझ्याशिवाय कुणाला ऐकू येत नव्हता. आतलं चाक म्हणायचं, "दम लागतोय रे." मी काय करणार? मी झाकण. झाकायचं तेवढं मला येत होतं.

अशात आक्कांचा प्रवास ठरला.

आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या घरात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही, आडवंच व्हावं लागतं. त्यामुळे रेल्वे नाही, बस नाही. त्यांची धाकटी बहीण दोन दिवसांच्या अंतरावर राहते आणि तिलाही गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. अकरा वर्षं दोघींची भेट नव्हती. फोनवर बोलायच्या, पण तेवढ्याने आक्कांचं मन भरत नव्हतं.

"बाळ्या," एक दिवस त्या मालकांना म्हणाल्या. पासष्ट वर्षांच्या माणसाला त्या अजून बाळ्याच म्हणतात. "तुझ्या त्या गाडीत पलंग आहे म्हणे. मला एकदा तिच्यापर्यंत नेऊन घाल. परत नाही आणलंस तरी चालेल."

"आक्का, असं काय बोलतेस!"

"मग काय तुझ्या गाडीची स्तुती करू? पडदे बघ, पोतेऱ्यासारखे झालेत."

आक्कांचा पलंग गाडीत मागच्या बाजूला होता. डावीकडे. बरोबर माझ्या डोक्यावर, त्या दमलेल्या आतल्या चाकाच्या वर.

पहिला दिवस निभावला. प्रत्येक खड्ड्यात माझा जीव टांगणीला लागायचा. आतलं चाक आता बोलतच नव्हतं, नुसतं तापत होतं. त्याचा भार बाहेरचं उचलत होतं. ते कुरकुरलं नाही, म्हणून हातोड्याला काही कळलं नाही. वर आक्का मालकीणबाईंना बहिणीच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होत्या आणि दर तासाला विचारत होत्या, "अजून किती राहिलं गं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी एका मोठ्या झाडाखाली थांबली. मालक पाणी प्यायला गेले. मालकीणबाई नेहमीसारख्या फडकं घेऊन उतरल्या. उजवीकडची दोन झाकणं पुसली, पुढून वळून डावीकडचं पुढचं पुसलं आणि माझ्याकडे आल्या. फडकं फिरवलं, आणि केस बघायला वाकताना माझ्यावर तळहात टेकला.

हात झटकन मागे गेला.

"अहो, इकडे या. हे झाकण चटका देतंय."

"ऊन लागलं असेल."

"ही सावलीची बाजू आहे."

"मग ब्रेकने तापलं असेल. उतार होता ना मघाशी."

"ब्रेक काय एकाच चाकाला लावलात?" त्या पुन्हा गाडीभोवती फिरल्या आणि प्रत्येक झाकणावर तळहात ठेवून आल्या. "ती तिन्ही कोमट आहेत. हेच भाजतंय."

मालकांनी सवयीने हातोडा उचलला, बाहेरच्या चाकावर ठोकला. टण! "बघ, टणटणीत आहे. उगाच शंका काढू नकोस."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आक्कांचा आवाज आला. "अरे, माझी गादीसुद्धा खालून गरम लागतेय. मला वाटलं, भावजयीने कौतुकाने गरम पाण्याची पिशवी ठेवली."

मालकांच्या हातातला हातोडा खाली आला. त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी गाडी पायी चालल्याच्या वेगाने समोरच दिसणाऱ्या टायरच्या दुकानापर्यंत नेली.

टायरवाला जाडजूड, शांत माणूस होता. त्याने आधी आक्कांना पलंगावरून आरामखुर्चीत उतरवून घेतलं, मग जॅक लावला, आठ नट सोडवले आणि मला बाजूला ठेवलं. कितीतरी महिन्यांनी आतल्या चाकाला उजेड दिसला. टायरवाल्याने हवेचं मीटर लावलं आणि भुवया वर केल्या.

"काका, निम्मीसुद्धा हवा नाही. टायरची कड आतून भाजलीय. आणखी तासभर चालवली असती तर फुटला असता." त्याने वरच्या पलंगाकडे बोट दाखवलं. "आणि फुटला असता तो इथे."

मालक तिथेच पायरीवर बसले. "तीस वर्षं," एवढंच म्हणाले.

"तुमच्या बसला झाकणं नव्हती ना? नळ्या समोर दिसायच्या," टायरवाला म्हणाला. "इथे तुम्ही तिजोरी केलीत आणि किल्ली आत ठेवलीत."

त्याने भाजलेला टायर काढून स्टेपनी चढवली. ती रबरी नळी काढून फेकून दिली. तिच्या जागी पितळेची लांब, वाकवलेली, घट्ट नळी बसवली. ती आतल्या चाकातून थेट बाहेर येत होती. बाहेरच्या चाकालाही तशीच छोटी नळी लावली. आता दोन्ही तोंडं शेजारी शेजारी, पण माझ्या आडच.

"झाकणाला भोक पाडावं लागेल," तो म्हणाला. "नाहीतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या."

मालकांनी मालकीणबाईंकडे बघितलं. "अगं, तुझी हौस आहे ही. हवं तर झाकण घरी ठेवू."

मालकीणबाईंनी मला उचलून मांडीवर घेतलं. माझ्यात आपला चेहरा बघितला, आणि मग मागे आरामखुर्चीत बसलेल्या आक्कांचा. पदराने एकदा पुसलं आणि टायरवाल्याच्या हातात दिलं.

"पाडा. चांगलं ऐसपैस पाडा. चारही झाकणांना."

ड्रिल लागलं तेव्हा मी कळवळलो, खोटं कशाला बोलू? पण कानशीने कडा घासून रबराची कडी बसवली आणि मला परत चाकावर लावलं, तेव्हा त्या भोकातून गार वारा आत शिरला. आतलं चाक म्हणालं, "हुश्श." मला कारखान्यातली ती 'फुटकी भांडी' आठवली आणि शरमच वाटली.

त्याच संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही धाकट्या बहिणीच्या दाराशी पोचलो. ती काठी टेकत आली, गाडीच्या तीन पायऱ्या चढायला तिला पाच मिनिटं लागली. मग माझ्या डोक्यावरचा पलंग करकरला.

"किती वाळलीस गं आक्का!"

"तू मात्र माझ्या वाटणीचंही खाल्लेलं दिसतंय."

मग दोघींच्या लहानपणीच्या गोष्टी सुरू झाल्या. मी खाली ऐकत होतो.

आठ दिवस झाले, आम्ही अजून इथेच आहोत. रोज सकाळी मालक मीटर घेऊन येतात. नट सोडवणं नाही, कंबर धरणं नाही. भोकातून मीटरचं तोंड घालतात, फुस् करून आवाज होतो आणि ते आकडा मोठ्याने सांगतात. आतून आक्का ओरडतात, "भरली का हवा? मग चहा आणा!" हातोडा आता गाडीपुढच्या ताडपत्रीच्या लाकडी खुंट्या ठोकायला वापरतात.

परवा परतीला निघायचं आहे. मला आता भीती नाही. मात्र तुम्हाला एक विनंती आहे. रस्त्यात माझ्यासारखं एखादं अख्खं, चकचकीत झाकण दिसलं, तर त्यात नुसतं तोंड बघून पुढे जाऊ नका. एकदा तळहात टेकवून बघा.