उजव्या बोटावरची शाई

“खरं वाटायचं न्हाई तुमाला, मॅडम,” आकाराम म्हणाला, “पर जितक्या तऱ्हेनं मी मत दिलंय, तितक्या तऱ्हेनं दिल्यालं माणूस साताऱ्या-सांगलीत दुसरं घावायचं न्हाई.”

मिस्बाह मॅडम पडवीत सतरंजीवर कागद मांडत होत्या. एरवी शाळेत शिकवायच्या. आज घरोघरी जाऊन मत घेणाऱ्या पथकाच्या प्रमुख होत्या. बरोबर एक कॅमेरावाला आणि एक पोलीस. पथक आलं होतं ते आकारामच्या बायकोसाठी, अर्जुनाबाईसाठी. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. विधानसभेचं मत यंदा तिला घरात बसून देता येणार होतं.

“शिक्का मारून दिलं, बटण दाबून दिलं,” आकाराम बोटांवर मोजू लागला. “आन पव्हूनबी दिलं. एका सालाला कृष्णेच्या पुरात मतपेटी चालली व्हाऊन. पुलावरनं उडी टाकली, पेटी गाठली, आन पव्हता पव्हता चिठ्ठी आत सारली.”

“मग शिक्का कुठं मारलासा?” पोलिसानं विचारलं.

“दातात धरला हुता की!”

पोलीस खो खो हसला. “आन टपालानं न्हाई दिलं कवा?”

“दिलं तर! लडाखात हुतो. थंडी अशी, की पाकिटाचा गोंद गोठला. बंदुकीच्या नळीवर शेकून चिकटवला.”

तेहतीस वर्षं कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशिनवर उभा राहिलेला हा माणूस सोलापूरच्या पुढं कधी गेला नव्हता. पण भीती वाटली की आकारामच्या थापा वाढत, आणि आज त्याचं तोंड थांबतच नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. अर्जुनाचं आजचं मत आपल्याच हातानं जावं, आणि ती सांगेल तिथंच जावं.

कारण मागच्या खेपेला ते गेलं नव्हतं.

ती निवडणूक गावच्या सरपंचपदाची. अर्जुनाबाईचं मत अंगणवाडीच्या बाईंना होतं. अंधपणाच्या दाखल्यासाठी त्या बाई तिचा हात धरून दोन दिवस सांगलीच्या सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. पण मतदानाच्या चार दिवस आधी दुसरा उमेदवार, ऋषिराज, यानं सभेत आकारामला हाक मारली. “तात्या, खाली का? वर या!” स्टेजवरची खुर्ची, गळ्यात हार, समोर सगळा गाव. आकाराम असा फुलला की माईक हातात घेऊन बोलून बसला, “आमच्या घरची दोन्ही मतं धरा!”

अर्जुनाबाईच्या वतीनं बटण दाबायला मतदान केंद्रात तिला घेऊन तोच गेला. आपल्या मताची शाई डाव्या बोटाला, तिच्या मताची उजव्या. घरी आल्यावर तिनं काही विचारलं नाही. चहा टाकला, त्याला दिला. अंगणवाडीच्या बाई तीनशेवर मतांनी पडल्या. एका मतानं काय झालं असतं, असं आकाराम स्वतःला समजावत राहिला. पण उजव्या बोटाची शाई नखाबरोबर वर सरकत निघून जायला तीन महिने लागले. तितके दिवस तो जेवताना घास उचलला की नजर दुसरीकडं वळवायचा.

“आजी, मतपत्रिकेवर खूण करायला तुमच्या वतीनं सोबती कोण?” मिस्बाह मॅडमनी विचारलं. “त्यांना इथं सही करावी लागेल. तुम्ही सांगाल तिथंच खूण करीन आणि कुणाला सांगणार नाही, म्हणून.”

आकारामनं पेन उचललंसुद्धा.

“राणीला बोलवा,” अर्जुनाबाई म्हणाली. राणी म्हणजे शेजारची सून. पथक बघायला म्हणून ती उंबऱ्याशीच उभी होती.

“आगं, राणी कशाला? मी हाय न्हवं?”

“तुमी ऱ्हाऊ द्या.”

राणी गोंधळली. “काकी, तात्या आसताना मी कशी...”

“आजोबांवर रुसलात काय, आजी?” मिस्बाह मॅडम हसून म्हणाल्या. “मागच्या वेळी कोण होतं?”

खरं बोलायला आकारामला एवढी एकच फट होती, आणि तीही त्यानं थापेनं बुजवली.

“मीच की, मॅडम! हिनं कानात नाव सांगितलं आन माजं बोट थेट त्याच बटणावर. लेथवरचा हात हाय ह्यो, केसाभर हिकडंतिकडं व्हायचा न्हाई. इचारा तिला!”

“तवा माजी बाई...” अर्जुनाबाईनं सुरुवात केली.

“आजी, नाव नका घेऊ, चिन्ह नका सांगू,” मिस्बाह मॅडम घाईनं म्हणाल्या. “कॅमेरा चालू आहे.”

“न्हाई घेत.” तिनं आवाज चढवला नाही. चेहरा मात्र नेमका आकाराम बसला होता त्या बाजूला वळवला. “सात जण हुबे हुते. माजं बटण सातवं, पार तळाला. बाईंनी घरी येऊन पुठ्ठ्याच्या नमुन्यावर माजा हात फिरवून दावल्यालं. आन मशिनीपाशी मी तुमच्या कोपराला धरून हुबी हुते.”

आकारामनं पेन सतरंजीवर ठेवलं.

“तुमचं कोपर वर गेलं, आवं.”