मिठानं खाल्लेली गाडी

“धाकूची गाडी म्हणे पुन्हा रस्त्यावर...” शेजारची रंगूबाई विहिरीवर एवढंच बोलली, तेवढ्यात कुणाची तरी कळशी दगडावर आपटली आणि पुढचं ऐकायचं राहूनच गेलं.

मी तीच गाडी बोलतेय. ठाण्याजवळच्या बाळकुमात, माझ्या मालकाच्या, धाकूच्या अंगणात मोडून पडले होते तेव्हाची ही गोष्ट. चाकं थांबली की कान लांब होतात. कुणाची सून रुसली, कुणाकडे पाहुणे आले, सगळं मला कळायचं. माझ्याबद्दलचं तेवढं अर्धवट कळलं.

माझा जन्म विलायतेतला. दुसरी मोठी लढाई संपल्यावर बोटीनं मुंबईला उतरले. अंगानं एवढीशी! लॉरीशेजारी उभी केली की लोक हसायचे, “ही गाडी का गाडीचं पिल्लू?” पण मिठागराच्या बांधावर लॉरी जातच नसे. ती नाक्यावर थांबे आणि बायका डोक्यावरून मीठ वाहत. मी थेट मिठाच्या राशीपाशी जायचे. धाकूच्या बायकोनं, शेवंतीनं, पहिल्याच दिवशी माझ्या मागच्या फाळक्यावर हात ठेवला. “बाय माजे, मानेवरचा भार घेतलास गो!”

माझ्यासारख्या गाड्या आल्या त्या मोजक्याच. पुढं तर बाहेरून येणंच थांबलं. नौपाड्यातले दुकानदार विचारत, “धाकू, अशी एखादी आम्हाला मिळेल का रे?”

“नाय मिलायची शेट!” धाकू छाती फुगवून सांगे. ते न मिळणंच आमच्या मुळावर आलं.

शेवंती मला रोज गोड्या पाण्यानं धुवायची, तरी मिठानं माझं पोट खाल्लंच. एक दिवस भरल्या ओझ्यानिशी बांधावरच मी मधोमध खचले. खोपटचा परशुराम मिस्त्री खाली शिरला, बाहेर येऊन हात पुसत म्हणाला,

“इंजिन घोड्यासारखं आहे रे. पण खालचा सांगाडा गेला. तो विलायतेतूनच यायचा, आणि आता येत नाही.”

रंगूबाईची ती बातमी आली, ती त्यानंतर. कल्याणच्या गुरुदत्तशेटकडे माझ्याच घडणीची, माझी सख्खी बहीण होती. तिचा सांगाडा धड, इंजिन फुटलेलं. दोघींची मिळून एक करू, असा त्याचा निरोप. धाकू कितीतरी दिवस नाहीच म्हणाला. मग चूल थंड पडायला लागली तेव्हा म्हणाला, “देतो. पन चालवनार मीच.”

इंजिन काढून बैलगाडीवर चढवलं, त्या दिवशी शेवंती खण-नारळ घेऊन आली. मला कुंकू लावलं आणि माझ्या रिकाम्या पोटात तांदूळ ओतले.

“अगो येडे,” रंगूबाई ओरडली, “जानारीची ओटी भरतान! जानारं तं तिकडं बैलगाडीत हाय!”

“त्याला घर भेटलं,” शेवंती म्हणाली. “हिला कोन पुसनार?”

रंगूबाई पदर तोंडाला लावून घरात गेली.

तर बातमी खोटी नव्हती. धाकूची गाडी पुन्हा रस्त्यावर आहे. कल्याण-भिवंडी माल वाहते, चढाला दम लागत नाही म्हणतात. धाकू कधीमधी घरी येतो, माझ्या मोकळ्या बॉनेटखाली हात घालून सांगतो, “चांगलं चाललंय गो तुजं.”

माझं! मी तर इथंच आहे. आत कोंबड्या अंडी घालतात, त्याचं काही नाही, ऊब तरी असते. पण सकाळी पुन्हा पहिल्यासारखी मिठाची पाटी डोक्यावर घेऊन शेवंती समोरून जाते, तेव्हा ती माझ्याकडे बघत नाही. कुणीतरी मला जरा भिंतीकडे तोंड करून ठेवा हो.