एकेचाळीस नंबरचा रहिवासी

मी एकेचाळीस नंबर बोलतोय. नाव विचाराल तर नाही, नंबरच आहे. मी अमेरिकेतल्या एका राज्याच्या सिनेटचा मतदारसंघ आहे. चार वर्षांतून एकदा एक माणूस निवडायचा आणि राजधानीला पाठवायचा, एवढंच माझं काम. बाकीचा वेळ मी मका, सोयाबीन आणि वारा सांभाळत पडून असतो.

मला आईबाप नाहीत, पण जन्मतारखा बऱ्याच आहेत. दर दहा वर्षांनी सरकार माणसं मोजतं आणि मला पुसून नव्याने काढतं. गेल्या खेपेला राजधानीत तिसऱ्या मजल्यावर एका माणसाने सँडविच खाता खाता मला कॉम्प्युटरवर काढलं, असं ऐकतो. ऐकतो म्हणायचं कारण, राजधानी माझ्या हद्दीत येत नाही आणि हद्दीबाहेरचं मला ऐकूनच कळतं. व्हीटली गावातल्या कॉफीच्या दुकानात माझा नवा नकाशा लावला, तेव्हा एक म्हातारा चष्मा वर करून म्हणाला, "हा मतदारसंघ आहे की कुणाची कॉफी सांडलीय?" मला राग आला नाही. खरंच तसा दिसतो मी.

माझा सिनेटर व्हायला तीन अटी आहेत. वय पंचवीस पूर्ण हवं. निवडणुकीआधी सबंध वर्ष माझ्यात मुक्काम हवा. आणि निवडून आल्यावर मुदत संपेपर्यंत तो मुक्काम टिकायला हवा, नाहीतर खुर्ची गेली. अटी चांगल्या आहेत. ज्याने लिहिल्या त्याला वाटलं असेल, माणूस जिथे झोपतो तिथली काळजी करतो. लायल हॉकेटला तो बिचारा भेटला नव्हता.

लायल हॉकेट बारा वर्षं माझा सिनेटर होता. अजून आहे म्हणा, निदान आजच्या तारखेला. माणूस वाईट नाही. गावात आला की प्रत्येकाच्या कुत्र्याची नावानिशी चौकशी करतो. फक्त तो गावात येतो, राहत नाही. त्याचं घर, त्याची बायको, त्याची होडी, सगळं राजधानीजवळच्या तळ्याकाठी. माझ्याकडे त्याची एक भाड्याची खोली होती, आर्डिस क्लेमन्सच्या घरात वरच्या मजल्यावर. त्या खोलीत एक खाट, एक इस्त्री केलेला शर्ट आणि एक दात घासायचा ब्रश. ब्रश इतका कोरा की त्यावर धूळ बसायची आणि आर्डिस तो आठवड्याला पुसून ठेवायची.

आर्डिस सत्तरीची. शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात गेलेली, त्यामुळे आवाज मोठा आणि हात भरभर. रोज संध्याकाळी ती जिना चढून सिनेटरच्या खोलीतला दिवा लावायची, जेवण झालं की परत चढून मालवायची. वरच्या खोलीच्या नळाला वेगळं मीटर आहे, ते कोरं राहू नये म्हणून ती त्या नळाखाली बादल्या भरायची आणि खाली आणून परसातल्या टोमॅटोंना घालायची. अख्ख्या व्हीटलीत तिच्यासारखे टोमॅटो कुणाचे नव्हते. चर्चच्या जेवणाला ते टोपलीभर यायचे, सगळे चवीने खायचे आणि पाणी कुणाच्या नळाचं हे कुणी विचारायचं नाही.

आर्डिस हे सगळं लायलवरच्या प्रेमापोटी करत होती असं समजू नका. तिचा नवरा व्हर्न आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बसतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आमच्या छोट्या हॉस्पिटलात त्यासाठी चार खुर्च्यांचा विभाग होता. पुढचा विभाग शहरात, नव्वद मैलांवर. दर अधिवेशनात कुणीतरी म्हणायचं की चार खुर्च्यांसाठी एवढा डोलारा कशाला, आणि दर वेळी लायल गावात येऊन सांगायचा, "मी तिथे आहे तोवर ते विभागाला हात लावत नाहीत." मग आर्डिसने जिना चढावा नाही तर काय करावं?

आता रोना हॅलस्टेडचं सांगतो. रोना त्याच विभागात नर्स. त्रेचाळीस वर्षांची, माझ्याच पोटात जन्मलेली, ओढ्याजवळच्या शेतातल्या घरात वाढलेली. मागच्या निवडणुकीत ती लायलविरुद्ध उभी राहिली आणि दोनशे अकरा मतांनी पडली. लायल हसत हसत तिचं अभिनंदन करून गेला. पण पुढच्याच वर्षी माझा नवा नकाशा आला. माझी जुनी हद्द पक्क्या रस्त्याने जायची. लायलचं म्हणे मत पडलं की हद्दीला रस्त्यापेक्षा ओढा जास्त नैसर्गिक दिसतो. त्या ओढ्याला वर्षातले आठ महिने पाणी नसतं. रस्ता आणि ओढा यांच्यामध्ये एकच घर आहे, रोनाचं. रोना सकाळी उठली तेव्हा ती बेचाळीस नंबरात होती.

मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो. मला कोण विचारतं? पण ते घर माझ्या अंगावरून निघालं तेव्हा मला फार वाईट वाटलं, हे आज सांगून टाकतो.

रोना खमकी. तिने ठरवलं, ओढ्याच्या अलीकडे खोली घ्यायची, वर्ष भरायचं आणि परत उभं राहायचं. निवडणुकीला जेमतेम वर्ष उरलं तेव्हा तिने चर्चमागची एक जागा बघितली, सामान बांधलं आणि नेमका त्याच आठवड्यात व्हर्नच्या हातात जंतुसंसर्ग झाला. ताप उतरेना. रोना जवळपास तीन आठवडे हॉस्पिटलातच होती, दोन पाळ्या करायची आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला तर लागला. व्हर्न वाचला. रोनाने सामान हलवलं तेव्हा वर्षाच्या मुदतीला एकोणीस दिवस कमी पडत होते. हॉस्पिटल माझ्या हद्दीत आहे, अगदी मधोमध. पण हॉस्पिटलच्या खुर्चीत काढलेले दिवस मुक्कामात धरत नाहीत.

निवडणूक जवळ आली तशी दोघांनी एकमेकांवर हरकत घेतली. लायलचं म्हणणं, रोना वर्षभर राहिली नाही. रोनाचं म्हणणं, लायल कधीच राहिला नाही. गावातल्या कोर्टाच्या जुन्या इमारतीत तीन जणांच्या निवडणूक मंडळापुढे सुनावणी लागली. सगळं गाव आलं. रोनाचा निकाल दहा मिनिटांत लागला. एकोणीस दिवस म्हणजे एकोणीस दिवस. अध्यक्ष म्हणाले, कायद्यापुढे त्यांचा नाइलाज आहे.

मग लायलची पाळी. रोनाच्या वकिलाने नळाच्या मीटरचे आकडे काढले आणि विचारलं, "सिनेटर, तुमच्या खोलीत जून ते सप्टेंबर रोज दहा-दहा बादल्या पाणी लागतं आणि हिवाळ्यात थेंबही नाही. तुम्ही फक्त उन्हाळ्यात आंघोळ करता का?"

लायलला टोमॅटोंची गोष्ट ठाऊकच नव्हती. तो क्षणभर गांगरला, पण मुरलेला गडी. "हिवाळ्यात अधिवेशन असतं," तो म्हणाला, "आणि उन्हाळ्यात मला घाम फार येतो."

हॉलमध्ये ज्यांनी ज्यांनी ते टोमॅटो खाल्ले होते ते सगळे मूग गिळून बसले. मग आर्डिसला बोलावलं. तिने बायबलवर हात ठेवला. मी तिच्याकडे बघत होतो, दुसऱ्या रांगेतला व्हर्न बघत होता, आणि त्याच्या शेजारी बसलेली रोना बघत होती, कारण व्हर्नला आधार देऊन तिनेच आणलं होतं.

"सिनेटर हॉकेट तुमच्याकडे राहतात का?"

"राहतात."

"रोज एवढं पाणी वापरतात?"

"स्वच्छतेचं वेड आहे त्यांना," आर्डिस म्हणाली. तिचा तो मोठा आवाज त्या दिवशी पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही.

लायल पात्र ठरला. दुसरा दिवस गुरुवार. व्हर्न नेहमीच्या खुर्चीत, आर्डिस बाजूला, आणि सुई घेऊन रोना. आर्डिसला वाटलं होतं, आज दुसरी कुणी नर्स येईल.

"रोना," आर्डिस म्हणाली, "मला माहितीय ते एकोणीस दिवस कुठे गेले."

"हात सैल सोडा, व्हर्न," रोना म्हणाली. सुई नीट बसली. मग तिने आर्डिसकडे बघितलं. "मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. कॉफी ताजी आहे, घ्या."

त्यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर आर्डिसला बरं वाटलं असतं. कॉफीचा कप तिने तसाच खिडकीत ठेवून दिला.

नोव्हेंबरात मतपत्रिकेवर एकच नाव होतं. तरी लोक रांगेत उभे राहिले, 'मी मत दिलं'चा गोल कागद छातीवर चिकटवून घरी गेले. मला माझ्या लोकांचं हे कळत नाही. निवडायला एकच असला तरी ते जाऊन निवड करून येतात.

फेब्रुवारीत राजधानीत अंदाजपत्रकावर मतदान झालं आणि आमच्या चार खुर्च्या शहरातल्या हॉस्पिटलात विलीन झाल्या. विलीन हा लायलचा शब्द. बाजूने हात वर करणाऱ्यांत तोही होता. त्याने घरोघर पत्र पाठवलं, की सेवा आता अधिक सक्षम होणार आहे. आर्डिसने ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि जिना चढून वरच्या खोलीत गेली. दिवा लावला नाही. खाटेवरची चादर काढली, शर्ट आणि ब्रश कागदी पिशवीत भरले आणि पिशवी खाली दाराशी आणून ठेवली.

आता त्या खोलीत रोना राहते. विभाग गेला तशी तिची नोकरीही गेली. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी ती व्हर्नला आणि आर्डिसला आपल्या गाडीत घालून शहरात नेते. जाताना नव्वद मैल, येताना नव्वद मैल. येताना व्हर्न इतका थकलेला असतो की गाडीतून उतरवायला दोघी लागतात. माझा माणूस माझ्याच हद्दीत असा हातांवर उचलून आणावा लागतो, ते बघवत नाही मला.

काल, मेच्या पहिल्या बुधवारी, लायल आला. दर मे महिन्यात सिनेटरला आपला पत्ता शपथेवर लिहून द्यावा लागतो, त्यासाठी. हातात दुकानातली पाई होती, रुबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेली. दार आर्डिसने उघडलं आणि कागदी पिशवी त्याच्या हातात दिली. तो हसला, म्हणाला समजू शकतो, आणि पिशवी घेऊन गावात दुसरी खोली बघायला निघाला.

व्हीटलीत सतरा घरं रिकामी आहेत. मी मोजलीत, मला दुसरा उद्योग काय? लायल दारोदार फिरला. एकीकडे छत गळत होतं. एकीकडे भाचा येणार होता. मोटेलच्या मालकाने, ज्याच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं, सांगितलं की सगळं भरलंय. प्रत्येकाने त्याच्या बायकोची विचारपूस केली, एकाने तर होडीचीही केली. उन्हं कलेपर्यंत माझा सिनेटर माझ्यात मुक्काम शोधत होता. बारा वर्षांत तो माझ्यात इतका वेळ पहिल्यांदाच राहिला.

शेवटी तो परत आर्डिसच्या पायरीवर.

"आर्डिस, मला फक्त पत्ता हवाय. झोपायला मी येणार नाही, कुणाला त्रास नाही."

"मला झोपायला येणाराच भाडेकरू हवा होता," आर्डिस म्हणाली. "मिळाला."

लायलचा आवाज जरा उतरला. "तू शपथेवर सांगितलंयस, मी इथे राहतो म्हणून. विसरू नकोस. खोटी शपथ हा गुन्हा असतो."

"विसरेन कशी? व्हर्नसाठी घेतली होती." तिचा आवाज आता कोपऱ्यावरच्या पोस्टापर्यंत ऐकू येत होता. "ती खोटी होती हेही शपथेवर सांगणार आहे. मंडळाचं कार्यालय शहरात आहे ना? पूर्वी एवढ्या लांब जायला मला जमलं नसतं. आता आठवड्यातून तीनदा जातेच मी."

लायल पायरीवर रुबार्बची पाई ठेवून गेला. आर्डिसने ती शेजारच्या कुत्र्याला घातली, आणि कुत्र्याने खाल्ली.

आज गुरुवार. सकाळी सहाला रोनाची गाडी निघाली. मागे व्हर्न उशीवर डोकं टेकून, पुढे आर्डिस, चर्चला घालायचा निळा कोट घालून, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिला काय होईल, दंड की आणखी काही, मला ठाऊक नाही. मी ओढ्यापर्यंत त्यांच्यासोबत होतो. त्यापुढे मला जाता येत नाही, माझी हद्द तिथे संपते. तुम्ही त्या रस्त्याने शहराकडे जाणार असाल तर कार्यालयात डोकावून बघा, तिचं कुणी ऐकून घेतंय का, आणि तिला बसायला खुर्ची दिलीय का. परत येताना मला सांगा. मी इथेच आहे, पुढच्या शिरगणतीपर्यंत तरी.