डोके राखले, पण कान राहून गेले

मी एक जुने हेल्मेट आहे, मित्रांनो. कधीकाळी लालभडक होते, आता रंग पार विटला आहे. काचेवर ओरखडे आहेत, आतली गादी एका बाजूने बसली आहे आणि माझा मुक्काम जिन्याखालच्या खुंटीवर आहे. तिथे लटकून बोलायला कोणी मिळत नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलते.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून कवच निघाले, आत फोम बसला, त्यावर कापड चढले. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी माझा पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि मला खोक्यात ठेवले. डोके राखायचे, एवढेच मला ठाऊक होते.

ज्यांनी मला विकत घेतले, ते पाणीपुरवठा विभागात गळती शोधायचे. जमिनीखालचा नळ कुठे फुटला आहे, ते वरून दिसत नाही. ते एक लांब लोखंडी दांडा रस्त्यावर टेकवायचे, त्याच्या लाकडी टोकाला कान लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. खाली पाणी फुसफुसत असले की त्यांना बरोबर कळायचे. मग खडूने फुली मारून म्हणायचे, "खणा इथे." तिथे पाणी निघायचेच. सगळे त्यांना कौतुकाने कानसेन म्हणत.

धरणापासून शहरापर्यंत नळ पसरलेला, त्यामुळे रोज मोटरसायकलवरून लांबची रपेट व्हायची. एकदा खडीवर गाडी घसरली. माझा रंग खरवडून निघाला, पण कानसेनांच्या डोक्याला टाचणीएवढीही जखम झाली नाही. त्या दिवशी त्यांच्या बायकोने मला ओल्या फडक्याने पुसून थेट दिवाणखान्यातल्या कपाटावर बसवले. मित्रांनो, मी तेव्हा हरखून गेले होते.

पण वाऱ्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. गाडीने वेग घेतला की वारा माझ्या हनुवटीखालून आत शिरायचा, काचेच्या कडेला घासायचा आणि कानांपाशी नुसता घोंघावायचा. त्याच्यापुढे इंजिनाचा आवाज काहीच नव्हे. चांगल्यातल्या चांगल्या हेल्मेटातही हे होतेच. घरी येऊन मला काढले तरी कानसेनांच्या कानांत शूं वाजत राही. जेवण होईपर्यंत ते थांबे, म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही.

त्यांची मुलगी कापडगिरणीत मागावर कामाला होती. एकदा तिने मऊ स्पंजाचे कानबोळे आणून बापाच्या हातावर ठेवले. म्हणाली, "बाबा, हे घातल्याशिवाय आम्हाला आत सोडत नाहीत. तुमचा वारा आमच्या मागांपेक्षा कमी नाही."

कानसेन हसले. "कानांवर पोट आहे माझं. त्यांनाच बूच मारू?"

मागून ट्रक आला तर हॉर्न कसा कळणार, असेही त्यांनी विचारले. बोळ्यांनी वाऱ्याचा गोंगाट कमी होतो, हॉर्न उलट नीट कळतो, असे ती समजावत राहिली. त्यांनी ऐकून घेतले आणि सोडून दिले. शेवटी तीही कंटाळली.

वर्षे गेली. घरात टीव्ही मोठा झाला. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू लागली. लग्न जुने झाले की बायका पुटपुटायला लागतात, अशी थट्टा कानसेन करायचे. बायको हसायची नाही.

मग एका बेकरीची पाळी आली. बेकरीवाल्याची तक्रार होती की नळाला पाणी बारीक येते आणि फरशीला ओल धरते. कानसेनांनी सकाळी मला गाडीच्या आरशावर अडकवले आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दांडा लावून ऐकले. काही नाही म्हणाले. फुली मारलीच नाही. आठवडाही झाला नसेल, बेकरीची फरशी खचली. खालची माती पाण्याने केव्हाच वाहून गेली होती. पीठ मळत उभे असलेले बेकरीवाल्याचे म्हातारे वडील खड्ड्यात गेले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ते पुन्हा धड चालले नाहीत.

कानसेन धावत गेले. बेकरीवाला चिडला नाही. "तुम्ही ऐकून गेला होतात," एवढेच तो म्हणाला, "म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

दुसऱ्या दिवशी पुढच्या रस्त्यावर कानसेनांना पुन्हा काहीच ऐकू येईना. त्यांनी दांडा खोदकाम करणाऱ्या जोडीदाराच्या हातात दिला. जोडीदाराने कान लावला. "दादा," तो चाचरत म्हणाला, "खाली सूं सूं चाललंय. चांगलं जोरात." कानसेनांनी पुन्हा कान लावला. मग लाकडी टोक बाहीने पुसून त्यांनी दांडा त्याच्याकडेच राहू दिला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासले. इतक्या वर्षांच्या वाऱ्याने बारीक आवाज गेले होते. गेलेले परत येणार नव्हते, उरलेले जपता येण्यासारखे होते. बोळे घातले असते तर, असे कानसेनांनी विचारले. डॉक्टरांचे उत्तर त्यांना कळले नाही. मग बायकोने कानाशी तोंड नेऊन ते पुन्हा सांगितले, "बरंच वाचलं असतं म्हणतात."

त्यानंतर ते बोळे घालू लागले. पहिल्या दिवशी वारा दूर कुठेतरी गेला आणि मागच्या ट्रकचा हॉर्न स्वच्छ आला. त्यांनी गाडी कडेला घेतली, मला काढून मांडीवर ठेवले आणि मागून येणाऱ्या आणखी दोन ट्रकांचे हॉर्न ऐकले.

आता ते विभागाच्या भांडारात नळाचे सुटे भाग देतात. मोटरसायकल मुलीकडे गेली. तिने नवे हेल्मेट घेतले आणि मी जिन्याखाली आले. त्याचे मला दुःख नाही. माझी गादी गेली होती, ते योग्यच झाले.

मित्रांनो, डोक्यावर हेल्मेट घालाच. पण त्याआधी कानांत बोळे घाला. गाडी सुरू करण्याआधी, अगदी जवळ जायचे असले तरी. कान दुखत नाहीत, रक्त येत नाही, ते गुपचूप जातात.

मुलगी रोज फाटकाशी उभी राहून बोळे चिमटीत वळते, कानांत सरकवते, ते फुलेपर्यंत थांबते आणि मग हेल्मेट चढवते. परवा निघता निघता ती काहीतरी गमतीचे बोलली. आई खळखळून हसली. कानसेन दोघींच्या तोंडांकडे बघत राहिले, मग तेही हसले. ती काय म्हणाली, हे त्यांनी विचारले नाही.