मास्तरांचे टायर

मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवायचे. अर्ध्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं. कुणी खाडकन ब्रेक दाबला की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. अशा माणसाच्या गाडीचे टायर निम्म्या वयात गुळगुळीत व्हावेत, म्हणजे झालंच की! टायरवाल्याचा तर डोळ्यांवर विश्वास बसेना. तोही त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"मास्तर, गाडी तुम्हीच चालवता ना?"

"मग काय भूत चालवतं?"

त्याने गाडी जॅकवर घेतली आणि टायरवरून बोट फिरवलं. मधली नक्षी थोडीफार शाबूत होती, दोन्ही कडा मात्र साफ. "हवा कमी ठेवलीत. त्यात ही हायब्रिड, पोटात बॅटरीचं ओझं. सिग्नल सुटल्यावर जोरात दाबली की मोटर एकदम पुढे ढकलते आणि टायर सोलून निघतो. पण हे मी तुम्हाला सांगायचं?"

मास्तर काय सांगणार, कप्पाळ?

गाडी होती लेकीची. दूरच्या शहरात नोकरी लागली तेव्हा ती बापाच्या गळ्यात घालून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, टायर झिजले की कळव. मी येते, दोघं मिळून बदलू." त्यांच्या घरची रीतच होती ती. शिकवणीच्या गाडीचा टायर बदलायचा तर बाप पाना फिरवणार आणि पोरगी फ्रॉकच्या ओच्यात नट झेलणार. तिसऱ्या कुणी हात लावलेला दोघांनाही खपायचा नाही.

ती गेली ती गेलीच. फोन यायचे, पण येणं काही होईना. आणि मास्तरांच्या हातात टायर झिजता झिजेनात. शेवटी ज्या चुकांवरून जन्मभर लोकांना फैलावर घेतलं, त्या सगळ्या त्यांनी स्वतः करायला घेतल्या. चाकांतली हवा काढली. वळणावर वेग कमी करेनात. करकचून ब्रेक मारू लागले. एकदा मागच्या गाडीवाल्याने "आजोबा, आधी शिकून या" असं तोंडावर सुनावलं, तेही गिळलं. लेकीच्या आठवणीने जीव असा कासावीस व्हायचा, की लाज त्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवली होती.

आता टायरवाल्यानेच टायर गेले म्हटल्यावर त्यांनी तिथूनच फोन लावला.

"अगं, टायर झिजले. दुकानातूनच बोलतोय." आवाज होईल तितका साधा ठेवला.

"इतक्यात? बाबा, तसल्या टायरवर गाडी काढू नकोस हं. दुकानदाराला फोन दे बरं."

त्यांनी दिला. टायरवाला "हो ताई, आहेत ना ताई, लगेच बसवतो" करत राहिला आणि फोन परत त्यांच्या हातात आला.

"झालं काम," लेक म्हणाली. "चांगले टिकाऊ सांगितलेत. आता पाच-सहा वर्षं तुला बघायला नको."

"तू येणार होतीस ना बदलायला?"

ती हसली. मायेनेच हसली. "अजून लक्षात आहे तुझ्या? अरे, मला सुट्टी मिळेपर्यंत तुला तसल्या टायरवर फिरू देऊ का मी? जिवाला घोर लागेल माझ्या."

"खरंच की," मास्तर म्हणाले. मग जेवलीस का, तब्येत बरी आहे ना, एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

टायरवाल्याने नवे टायर घरंगळत आणले. मास्तरांनी एकावर नख दाबून पाहिलं. रबर काही दबेना.

"हे नको," ते हळूच म्हणाले. "लवकर झिजणारे नाहीत का रे तुझ्याकडे?"

टायरवाला हसायला लागला. मग मास्तरांच्या तोंडाकडे बघून गप्प झाला.