एकदाच विचारायचं

तुपाचा चमचा सृष्टीच्या ताटावर आला आणि तिथंच थांबला.

"वाढू का गं?" नीलम्मानं विचारलं.

"नको, अव्वा."

नीलम्मानं चमचा मागं घेतला, वाटीत ठेवला आणि वाटीही बाजूला सरकवली. समोर बसलेल्या कल्लप्पाचा घास तोंडाशीच राहिला. तीस वर्षांच्या संसारात बायकोनं कुणाच्या ताटावरून तूप परत नेलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. लेकीनंही एकदा वर पाहिलं. मग भाकरीचा कोरडाच तुकडा मोडून ती खाली मान घालून जेवू लागली.

या घरात 'नको'ला आजवर कुणी फारशी किंमत दिली नव्हती. पहिला 'नको' म्हणजे नुसती रीत. माणूस लाजतो, त्याला लाजू द्यावं. दुसऱ्यालाही भ्यायचं नाही. पाहुणा अगदी ताटावर आडवा पडला तरच त्याचं पोट भरलं असेल असं धरायचं, आणि तेव्हाही 'एवढी अर्धी माझ्या नावाची' म्हणून वाढून मोकळं व्हायचं. अख्ख्या गल्लीत नीलम्माच्या पंक्तीतून कुणी स्वतःच्या पायांनी सहज उठल्याचं ऐकिवात नव्हतं.

सृष्टीला जर्मनीत शिकायला जाऊन दीड वर्ष झालं होतं. गेल्या गेल्या पहिल्याच महिन्यात तिच्या घरमालकिणीनं, सत्तरीतल्या एका बाईनं, तिला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. पोरगी मांसमच्छी खात नाही म्हणून बाईनं मुद्दाम बटाट्याचं काहीतरी रांधलं होतं. "आणखी वाढू?" असं तिनं विचारलं. सृष्टी शहाण्या मुलीसारखी 'नको' म्हणाली आणि वाट पाहत बसली. बाईनं बरं म्हटलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ताटल्या उचलल्या.

इकडं नीलम्मा दिवा लावत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"अव्वा, पातेलं भरलेलं होतं की गं," सृष्टी रडत सांगत होती. "झाकणच लावलं तिनं!"

"भरल्या पातेल्यावर झाकण घालती? कसली गं बाई ती!" म्हणून नीलम्मानं त्या न पाहिलेल्या बाईचा चांगला उद्धार केला. त्या दिवशी तिला स्वतःलाही घास गिळवला नाही.

पण पोरगी तिकडच्या रीतीला हळूहळू सरावली. मैत्रिणीकडं जायचं तर आठवडाभर आधी विचारायचं, स्वतःचा डबा स्वतःच खायचा, समोरच्यानं 'घे' म्हटलं की लगेच 'हो' म्हणायचं, हे सगळं ती शिकली. गेल्या दिवाळीत फोनवर हसत हसत म्हणाली, "अव्वा, इथं एकदाच विचारतात. नको म्हटलं की विषय संपला. किती बरं वाटतं माहितंय? तुम्ही लोक माणसाला जेवू घालता का छळता, तेच कळत नाही."

नीलम्माही हसली. फोन ठेवल्यावर मात्र ते बोलणं कुसळासारखं रुतून बसलं. आपण पोरीला छळलं? एवढी वर्षं? तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ती गप्प बसणारी बाई नव्हती. मार्चच्या सुट्टीत सृष्टी बारा दिवस येणार असं ठरलं, तेव्हाच तिनं नवऱ्याला बसवून बजावलं.

"एकदाच इचारायचं. नको म्हटली तर नको. तिला तसंच आवडतंय."

"हाटेलातला वेटर बी दोनदा इचारतो की गं," कल्लप्पा म्हणाला.

"तुमी गप बसा. पोरगी परत यायला पाहिजे का न्हाई?"

पोरगी परत यायला पाहिजेच होती.

नियम करणं सोपं, पाळणं जिवावर येत होतं. सृष्टी वाळून आली होती. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्यामागं हाडं वर आलेली दिसत. दीड वर्ष रोज भाकऱ्या थापताना नीलम्माच्या हातून सवयीनं एक जास्तीची व्हायची. ती झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळी स्वतः खायची. आता ती भाकरी खाणारी समोर बसली होती, आणि नीलम्मा तिला परक्या बाईसारखं एकदा विचारून हात आवरत होती. पोरगीही तशीच. दर वेळी 'नको' म्हणायची, क्षणभर थांबायची, आणि पाण्याचा तांब्या उचलायची. कायमची तिकडची झाली, असं नीलम्मा मनाशी म्हणायची आणि ओट्याकडं तोंड करून उगाच भांडी हलवायची.

पाचव्या दिवशी कल्लप्पाची थोरली बहीण दाक्षायणी आली. आग्रहाच्या बाबतीत ही बाई नीलम्मालाही भारी होती. तिलाही आधीच फोनवरून दम भरलेला. दाक्षायणीनं शेंगाच्या पोळ्यांचा डबा उघडला, "घे गं," म्हणाली, सृष्टी "नको, आत्या" म्हणाली, आणि दाक्षायणीनं डबा मिटून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

सृष्टी तिच्याकडं पाहतच राहिली.

"आत्या, तब्येत बरी आहे ना तुझी?"

"मला काय धाड भरली?" दाक्षायणी म्हणाली आणि नीलम्माकडं असं बघितलं, की तिनं झटकन चहा ठेवायला आत पळ काढला.

आठव्या दिवशी सृष्टी वडिलांबरोबर नवी पेठेत गेली. तिथं कल्लप्पाचं चादरी-टॉवेलचं दुकान होतं आणि शेजारी ईरप्पाचं बांगड्यांचं. परतल्यावर हातपाय धुता धुता कल्लप्पानं सहज सांगितलं, "ईरप्पानं च्या मागवला. ही नको म्हणाली. तर तो म्हणतो, 'नको काय नको? लई मोठी झालीस व्हय गं?' आन् कप हातातच दिला. मग काय, दोन कप प्याली. वर खारी खाल्ली चार."

"चार?"

"मी मोजली न्हाई. पण हसत होती लई. आल्यापासून पहिल्यांदाच."

नीलम्मा पीठ मळत होती. तिचा हात थांबला. ईरप्पानं मागवलेल्या टपरीवरच्या चहाला हसली, आणि घरच्या तुपाला नको म्हणाली. बाहेरच्याचा मान राखला असंल, असं म्हणून तिनं परत पिठाला हात घातला. पण डोळ्यांत पाणी आलं ते आलंच, आणि हात पिठाचे असल्यामुळं पुसताही येईना.

बाराव्या दिवशी चारला गाडी येणार होती. बॅगा दारात लागल्या होत्या. नीलम्मानं सकाळीच खपली गहू कांडून, गूळ घालून हुग्गी शिजवली. लहानपणी ही गव्हाची खीर दिसली की सृष्टीला दुसरं काही सुचायचं नाही. भरल्या वांग्यांची येणगाई केली, भाकरी केली, आणि तूप ताजं कढवलं. ताट वाढून ती समोर बसली. कल्लप्पा गाडीवाल्याशी फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारत होता.

सृष्टीनं हुग्गीची वाटी संपवली. बोटानं पुसून घेतली.

"आणखी घालू?" नीलम्मानं विचारलं.

"नको."

नीलम्मानं डाव पातेल्यात सोडला. पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं होतं. तिनं त्यावर झाकण ठेवलं.

झाकणाचा आवाज झाला आणि सृष्टीनं मान वर केली. ती पातेल्याकडं बघत होती. आधी तिचे ओठ हलले, मग हनुवटी.

"अव्वा," ती म्हणाली, "तू पण झाकण लावलंस?"

नीलम्माला क्षणभर काही उमगेना. मग डाव, झाकण, पातेलं, सगळं तिच्या ध्यानात आलं.

"तूच म्हणालीस की गं. फोनवर. एकदाच इचारतात, बरं वाटतं…"

"तिथं, अव्वा. तिथं बरं वाटतं." सृष्टीनं डाव्या मनगटानं नाक पुसलं. "बारा दिवस झाले. रोज वाटायचं, आता विचारशील."

अंगणातून कल्लप्पाचा आवाज आला, गाडीवाला लवकर येतोय म्हणून. दोघींपैकी कुणीही तिकडं लक्ष दिलं नाही.

"आणखी एकदा विचार की," सृष्टी म्हणाली.

नीलम्मानं झाकण काढून लांब जमिनीवर ठेवलं. डावानं वाटी काठोकाठ भरली. मग तुपाची वाटी उचलली.

"तूप घालू का गं?"

"नको," सृष्टी म्हणाली, आणि तिनं वाटीवर हात आडवा धरला. पाचही बोटं फाकलेली होती.

नीलम्मानं त्या बोटांमधूनच धार धरली, आणि तिसऱ्यांदा विचारायला काही ती थांबली नाही.